कारण: चुलत भावाचं लग्न

भिंत दिसली की त्याची दोन बोटं आपोआप वर जायची. ठक ठक. मान तिरकी, डोळे मिटलेले, कान टाइलला. मग निकाल. "भरलेली आहे." नाहीतर, "पोकळ. काढा." तिसरा निकाल त्याच्याकडे नव्हता.

दोह्यात मेट्रोच्या एका स्टेशनचं फिनिशिंग चाललं होतं तेव्हाची गोष्ट. वर्ल्डकप यायचा होता आणि सगळं शहर उकरून ठेवलं होतं. तो नाशिकचा, क्वालिटी इन्स्पेक्टर. मी साइट ऑफिसात हजेरी, रजेचे फॉर्म असली कामं बघायची. टाइलमागे माल नीट भरला नसेल तर आवाज वेगळा येतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. मिस्त्री त्याला 'ठकठक साब' म्हणायचे. तो लांबून दिसला की "यल्ला, यल्ला, जल्दी करो, आया" करत सगळे थापी सावरायचे.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याचे. द पर्ल ह्या भारी वस्तीत त्यांनी नवा फ्लॅट घेतला, सत्यनारायणाला आम्हाला बोलावलं. हा हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेला तो बाहेर येईचना. आला, प्रसादाचा द्रोण घेतला आणि यजमानांना शांतपणे म्हणाला, "सर, शॉवरखालच्या चार टाइल पोकळ आहेत." मला हसू आवरेना. साहेबांना मात्र चांगलंच आवरलं.

असा माणूस आजारी आहे हे कुणाला कळणार? तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, वेळेवर येणारी, इस्त्रीचा शर्ट घालणारी. मला कळलं ते डब्यामुळे. तीन दिवस त्यानं डबा उघडलाच नाही. चौथ्या दिवशी मी रागावले, तेव्हा स्वतःच्या छातीवर दोन बोटं वाजवून म्हणाला, "ताई, पोकळ."

सात वर्षं डिप्रेशन. डॉक्टर बदलून झाले, गोळ्या बदलून झाल्या, काही म्हणता काही लागू पडलं नव्हतं. आणि आपली माणसं काय सांगायची? "सकाळी पळायला जा." "लग्न करून टाक." "एवढा पगार आहे, तुला काय कमी आहे रे?" माझ्या डोक्यात तिडीक जायची. तो मात्र "बरोबर आहे" म्हणून मान हलवायचा.

मग एक दिवस तो चक्क हसत आला. त्याची बहीण हॉलंडला असते. तिकडे अशा हट्टी डिप्रेशनवर एका औषधाची चाचणी चालली होती आणि त्यात त्याची निवड झाली होती. औषध कसलं, तर एका जातीच्या अळंबीत सापडतं ते.

"अळंबी? आमच्याकडे भाजी करतात तिची."

"ती नव्हे, ताई. ह्या औषधानं म्हणे भिंती हलताना दिसतात."

ह्या माणसाला, भिंती! आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग तो म्हणाला, "डोळ्यांवर पट्टी, हळू गाणी, आणि दोन थेरपिस्ट सहा तास शेजारी बसणार. नुसते बसणार. औषधाचं काय व्हायचं ते होवो, मला ते बसणं पटलं."

अट अशी की चालू गोळ्या आधी पूर्ण बंद व्हायला हव्यात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यानं त्या हळूहळू कमी करत आणल्या. फार हाल झाले त्याचे. झोप नाही, घामानं डबडबलेला, बोटं थरथरणारी. तरी भिंती वाजवणं चालूच. सोमवारी हॉलंडला हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

आता फॉर्मचं सांगते. तेव्हा कंपनीनं सही केल्याशिवाय आम्हाला कतारबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. एक्झिट परमिट म्हणत त्याला. रजा मंजूर झाली तरच परमिट. रजेच्या फॉर्मवर 'कारण' अशी एक ओळ होती.

"सरळ उपचार असं लिहू ना, ताई?"

मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "गप बस. कसले उपचार म्हणून विचारतील. डोक्याचे म्हणालास तर उद्यापासून साइटवर कुणी तुझं ऐकणार नाही. आणि ते औषध कळलं तर इथं थेट तुरुंग."

आपल्या लोकांच्या रजेचं कारण ठरलेलं असतं. लग्न. त्या टेबलावर बसून मी कितीतरी खोटी लग्नं लावली होती आणि सगळ्यांच्या रजा पास झाल्या होत्या. मी लिहिलं, चुलत भावाचं लग्न.

त्यानं वाचलं. "हे पोकळ आहे, ताई."

"असू दे," मी म्हटलं.

गुरुवारी साहेबांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "मॅडम, हँडओव्हर तोंडावर आलंय. लग्नबिग्न आता कुणालाच नाही. मेडिकल असतं तर एक वेळ सोडला असता."

मेडिकल असतं तर! मी सगळं सांगून टाकलं. आजार, बंद केलेल्या गोळ्या, सोमवार, अळंबीसुद्धा.

"काल लग्न, आज आजार? अक्षर तर तुमचंच आहे. आणि ड्रग्ज घ्यायला माणूस पाठवू? माझ्या सहीनं? बाहेर कळलं तर आपण सगळे खलास. अहो, डिप्रेशन इथं कुणाला नाही? वर्ल्डकप झाला की सगळेच बरे होऊ, इन्शाल्ला."

भांडले मी. टेबलावर हात आपटला, नाही नाही ते बोलले. सहीला एक मिनिट लागलं असतं हो! पेन त्यांच्या खिशालाच होतं. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि मी तो जाऊही देणार नाही. पण राग राग करताना प्रत्येक वेळी मधे तो फॉर्म येतो, आणि त्यावर माझं अक्षर असतं.

सोमवारी तो साइटवर होता. मी समोर जाऊन उभी राहिले. "असू दे, ताई," एवढंच तो म्हणाला. जुन्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, ज्या आधीही चालत नव्हत्या. हँडओव्हर वेळेवर झालं, साहेबांचा सत्कार झाला आणि त्यानं राजीनामा दिला. कायमचं जायचं म्हटल्यावर त्याला परमिट दोन दिवसांत मिळालं. पुढं ती सहीची भानगड कायद्यानंच काढून टाकली.

वर्ल्डकपच्या दिवसांत मी त्या स्टेशनात गेले होते. जर्सी घातलेली माणसं, ढोल, नुसता आरडाओरडा. गर्दीत थांबून मी दोन बोटांनी भिंत वाजवली, कान लावला. भरलेली. पुढची वाजवली, तीही भरलेली. एखादी तरी पोकळ निघाली असती तर मला बरं वाटलं असतं.

अल वक्राला घरी आले आणि त्याच्या बहिणीला फोन लावला. निघताना त्यानं नंबर दिला होता, इतकी वर्षं माझी हिंमत झाली नव्हती. तो नाशिकला आईजवळ असतो म्हणाली. ती चाचणी केव्हाच संपली.

"भिंती वाजवतो का अजून?"

"नाही. हात मांडीवर ठेवून बसलेला असतो."

मग मी कबूल केलं. म्हटलं, फॉर्म मी भरला होता. कारण मी लिहिलं होतं, लग्नाचं.

ती म्हणाली, "कुणाचं लग्न?"

"चुलत भावाचं."

"आम्हाला चुलत भाऊच नाही हो."

रोज त्याच्यापुढे बसून त्याला डबा उघडायला लावणारी मी. घरी कोण कोण आहे, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.