दूरसंचाराची पोथी

माझ्या थोरल्या जाऊबाई धुरपताबाई सातवी शिकलेल्या. टेलिफोन कसा चालतो हे त्यांना आजही विचारलं तर सांगता येणार नाही. पण टेलिफोनच्या शास्त्राचं पुस्तक त्यांनी जितक्यांदा मोठ्यानं वाचलं, तितक्यांदा ते छापणाऱ्यानंही वाचलं नसेल.

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच सुमारास मी लग्न होऊन साकोलीच्या या घरात आले. मूळ गाव दिघोरी. आमचे मालक हंगामभर तिकडेच, धानाच्या बांध्यांमध्ये. साकोलीच्या घरी सासूबाई चंद्रभागाबाई, जाऊबाई, मी, आणि माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, तुलाराम. ते टेलिफोन खात्यात लाइनमन. सायकलला शिडी बांधून दिवसभर हिंडायचे. कोणाची तार तुटली, कोणाचा फोन मुका झाला, की यांची पायपीट सुरू.

एका उन्हाळ्यात ते खांबावरून घसरले. जीव वाचला, ही देवाची कृपा. पण गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, चढणं बंद करा. आता लाइनमननं चढणं बंद करायचं म्हणजे करायचं काय? एकच रस्ता होता. खात्याची परीक्षा पास व्हायची आणि एक्सचेंजमध्ये खुर्चीवर बसायची जागा मिळवायची. त्यालाही वयाची अट. आमच्या भासऱ्यांच्या हाती तीन वर्षं उरली होती. त्यात झालं तर झालं, नाही तर नोकरी संपेपर्यंत तीच शिडी आणि तोच गुडघा.

परीक्षेसाठी त्यांनी नागपूरहून पुस्तक आणलं. दूरसंचाराच्या सिद्धांताचं, हिंदीतलं, दोन जाडजूड भाग. ते हातात घेतलं की दहाव्या ओळीला त्यांची मान पडायची. दिवसभराचा थकवा, दुसरं काय.

"मले वाचून नाई जमत," ते एकदा जाऊबाईंना म्हणाले. "आयकलेलं ध्यानात रायते. लहानपनापासून पोथी आयकूनच त शिकलो."

"मंग मी वाचतो," जाऊबाई म्हणाल्या. आमच्याकडे बायाही 'मी वाचतो' असंच म्हणतात.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, जाऊबाई पाटावर बसायच्या. पुस्तकाला हळदकुंकू वाहायच्या, डोकं टेकायच्या आणि सुरू करायच्या. पोथीच्या चालीवर बरं का. दुसरी चाल त्यांना येतच नव्हती.

"प्रेषित्र में कार्बन के कण होते हैं, जिन पर ध्वनि का दाब पड़ने से..." असं लांबवत लांबवत त्या वाचायच्या. प्रत्येक शब्द स्वच्छ. अर्थ एकाचाही नाही. भासरे समोर चहा पीत ऐकायचे. सासूबाई तर कोपऱ्यात हात जोडून बसायच्या.

मी चुलीपाशी भाजी चिरत असायचे. समोर जायची सोय नव्हती. आमच्याकडे भासऱ्यापुढं धाकटी सून उभी राहत नाही, बोलणं तर दूरच. जेवायचं ताट दाराशी सरकवायचं आणि बांगड्या वाजवायच्या, की त्यांना कळायचं, वाढलं. एका घरात राहून त्यांनी माझा आवाज कधी ऐकला नव्हता.

आता अडचण अशी की सकाळचीच वेळ तक्रारींची. त्यात हायवेचं खोदकाम सुरू झालेलं. रोज कुठे ना कुठे केबल तुटायची आणि घरातला फोन खणखणायचा. भासरे कप ठेवून उठायचे. जाऊबाई पुस्तक मिटायच्या.

आणि मिटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं. मध्येच मोडलेली पोथी पुढे वाचत नाहीत, ती पहिल्यापासून धरावी लागते. त्यांच्या माहेरी तसंच होतं, आमच्या घरीही तसंच. भासऱ्यांनाही काही वाटलं नाही. ते आपले ऐकत राहिले.

पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षीही नापास. जाऊबाईंनी सोमवार धरले. भासरे गुडघ्याला तेल चोळत बसायचे. तिसऱ्या वर्षाची तयारी सुरू झाली तेव्हा घरात कोणाच्याच अंगात जोर नव्हता. वाचायचं म्हणून वाचायचं, ऐकायचं म्हणून ऐकायचं.

अशात एका रविवारी कवडू आला. हाही लाइनमनच, पण वयानं बराच लहान, बोलण्यात फटकळ.

"भाऊ, मले बी पुढं बसाचं हाये परीक्षेले," तो म्हणाला. "पाहू द्या तुमाले किती येते त. सांगा, जुन्या एक्सचेंजमंदी नंबर कसा जुळे?"

भासऱ्यांनी डोळे मिटले आणि घडाघडा सांगितलं. डायल फिरवली की काय होतं, कोणता भाग किती पायऱ्या वर चढतो, कसा वळतो, सगळं. शेवटी शेवटी तर त्यांच्याही बोलण्यात पोथीची चाल आली. कवडू थक्कच झाला.

"आता सांगा, काचेच्या तारेतून, त्या फायबरमंदून, उजेड कसा जाते?"

भासऱ्यांनी पुन्हा डोळे मिटले, आणि उघडले.

"बरं, मोबाइलचं सांगा. मानूस गाडीनं चालला, टॉवर बदलला, तरी बोलनं काहून तुटत नाई?"

भासऱ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी पदर सावरला. "ते अजून आलं नाई," त्या म्हणाल्या.

"आलं नाई म्हंजे? तिसरं वर्स होय ना वयनी?"

कवडूनं दोन्ही भाग उचलून पाहिले. पहिल्या भागाची सुरुवातीची पानं कुंकवानं लाल झालेली, कोपरे मऊ पडलेले. सातव्या धड्यापुढे पुस्तक जवळजवळ कोरंच. दुसऱ्या भागाची तर पानंही एकमेकांना चिकटलेली होती.

"अरे देवा!" तो हसायला लागला. "पेपर सारा दुसऱ्या भागावर येते, न तुमी जुन्या एक्सचेंजचीच पूजा करून राहिले! अवो वयनी, हे पोथी नोहोय. मंदातून वाचलं त पाप नाई लागत."

भासरे हसले नाहीत. त्यांनी कवडूच्या हातून दुसरा भाग घेतला. मग एवढंच म्हणाले, "मलेच समजाले पायजे होतं."

जाऊबाई आत आल्या आणि चुलीपाशी बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"सांग रुखमिनी, मंदातून कसं धरू?" त्या म्हणाल्या. "रोज हळदकुंकू वाह्यलं म्या त्याले. पयल्या दिवशी देवापुढं हात जोडून बसलो. आता अर्धं सोडून पुढलं वाचाचं, न यायले आनखी काई झालं त?"

हसण्यासारखं होतं का ते? कवडूला असेल. मला नव्हतं. ज्या बाईचा नवरा एकदा खांबावरून पडला, तिच्या मनातली, त्याला पुन्हा काही होईल ही भीती कोणी हसलं म्हणून जात नाही.

मला माझ्या माहेरचं, आसगावचं आठवलं. एका श्रावणात मायनं पोथी लावली आणि मध्येच तिला कावीळ झाली. तेव्हा काकूनं पुढचा अध्याय घेतला होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, वाचणारा उठला तर त्यानं पहिल्यापासून धरावं, पण घरातल्या दुसऱ्यानं तिथूनच पुढे नेलं तर पोथी मोडत नाही.

मी हे सांगितलं. जाऊबाईंनी डोळे पुसले. "मंग दुसरं कोन वाचते या घरात? सासूबाईले अक्षर येत नाई."

मी पदराला हात पुसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू? भासऱ्यापुढं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "अवं, दाराआडून वाच. पोथी कानानं आयकाची रायते, तोंड पाहाले थोडीच बस्ते कोनी!"

असा निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराआड पाट घेतला. डोक्यावर पदर, मांडीवर पुस्तक. पहिली ओळ वाचली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना. बाहेर कप ठेवल्याचा आवाज आला. भासरे ऐकत होते.

मग तसंच चाललं. मी वाचताना फोन वाजला आणि माझं मोडलं, की दुसऱ्या दिवशी जाऊबाई तिथून पुढे. त्यांचं मोडलं की मी. केबल तुटत राहिल्या, हायवे रुंद होत राहिला, आणि आम्ही दोघी एकेक धडा पुढे सरकत राहिलो. भाकरी करपायची, डोळे मिटायचे. कित्येक सकाळी वाटायचं, पुरे आता. "प्रकाशीय तंतु" म्हणताना माझी जीभ अडकायची आणि बाहेरून भासऱ्यांचं खाकरणं ऐकू यायचं, सावकाश वाच म्हणून. तेवढंच आमचं बोलणं.

मोबाइलचा धडा माझ्या वाट्याला आला. एका टॉवरच्या हद्दीतून माणूस दुसरीकडे गेला की त्याचं बोलणं न तोडता पुढच्या टॉवरच्या हवाली करतात, असं काहीसं होतं.

भाकरी थापता थापता जाऊबाई म्हणाल्या, "आपन करून राहिलो तेच होय हे."

बाहेर भासरे हसले. खूप दिवसांनी.

दुसरा भाग संपला त्या सकाळी जाऊबाईंनी शिऱ्याचा नैवेद्य केला. पोथी संपल्यावर करतात तसा. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपल्या. कोणी उठवलं नाही. फोन वाजला तो मीच उचलून बाहेर भासऱ्यांकडे सरकवला.

भासरे पास झाले. काठावर, पण झाले. शिडी घराच्या मागं टेकवून ठेवली, तिच्यावर आता दोडक्याचा वेल आहे.

जागा मात्र तुमसरला मिळाली. सासूबाईंना सोडून जाऊबाईंना जाता येईना. भासरे तिकडे खोली करून राहतात, सुटीला येतात. गुडघा बरा आहे. लोक आता घरचे फोन परत करायला लागलेत, तेही त्यांनीच आल्यावर सांगितलं.

सकाळी अंघोळ झाली की जाऊबाई अजून पाट मांडतात. मग आठवतं त्यांना. तशाच थोडा वेळ बसतात आणि उठून कामाला लागतात.

मध्ये कवडू पुस्तकं मागायला आला. त्याचं वय अजून आहे, पण घाईत होता.

जाऊबाईंनी दोन्ही भाग फडक्यानं पुसले, डोकं टेकलं आणि त्याच्या हातात दिले.

"घरी कोन वाचून दाखवते तुले?" त्यांनी विचारलं.

"मी सोताच वाचतो वयनी. रात्री बस्तो त झोप लागते, पन पाहू."

"बायकोले सांग वाचाले," जाऊबाई म्हणाल्या. "न दोघी पायजेत. एकीनं नाई होत."