शहाळी कुणासाठी आणायचास?

बाळकुमच्या गोविंदाकाकांना गालाचा कॅन्सर झाला, रेडिएशन सुरू झालं, तेव्हा त्यांचा पुतण्या मयूर रोज शहाळी घेऊन हॉस्पिटलात यायचा. मयूर दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्याचा गाळाही काकांनीच दिलेला, आपल्या जमिनीवर उठलेल्या बिल्डिंगमधला.

रेडिएशनने कॅन्सर गेला, पण लाळ सुकली. हिरड्या सुजायच्या, ब्रश लावला की रक्त यायचं. घाबरून काकांनी ब्रशच सोडला. मग दाढ हलायला लागली, तेव्हा हक्काने मयूरकडे गेले. त्याने काही न विचारता दाढ उपटली. अरे, रेडिएशन घेतलेल्या जबड्याचं हाड सहज भरून येत नाही! आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं असतं.

गणपतीत काढलेल्या दाढेची जखम शिमगा आला तरी उघडीच. आतलं हाड दिसायला लागलं. मी काकांचा शेजारी, त्यांना घेऊन मयूरसमोर उभा राहिलो.

मयूर म्हणाला, "काका, रेडिएशनचं तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं ना!"

माझं डोकंच फिरलं. काकांनी माझा हात दाबला आणि मयूरला विचारलं, "मग शहाळी कुणासाठी आणायचास रं?"

मयूर खाली बघत ग्लोव्ह्ज काढत राहिला.

काका बाहेर आले. जबडा नीट उघडत नव्हता, तरी बाकावरच्या पेशंटना म्हणाले, "तोंडाला रेडिएशन घेतलेलं कोणी असेल, तर दात काढायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा. हा माझा सख्खा पुतण्या आहे, म्हणूनच सांगतो."