मोहितेकाकांचा एक तास

कलिंगडाला सुरी लावण्याआधी मोहितेकाका ते कानाशी धरत, त्याला दोन टिचक्या मारत आणि विचारत, "काय भिया, तयार आहे ना?" समोर जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाभोवती दोनेकशे गोरे प्रवासी आरामखुर्च्यांवर पसरलेले असत. कुणाच्या हातात ग्लास, कुणाच्या पोटावर उपडं पुस्तक. त्यांना वाटे, हा पूर्वेकडचा कसलासा मंत्र आहे. एक आजीबाई तर माझ्याकडे त्या मंत्राचा अर्थ विचारायला आल्या. 'ते कलिंगडाला विचारतात, काय भाऊ, पिकलास ना,' असा खरा अर्थ मी सांगितला, पण त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही.

मी तेव्हा त्या आलिशान जहाजावर प्रवाशांच्या मदत-डेस्कवर होते. दुसऱ्या दिवसाचं कार्यक्रमपत्रक तयार करून रोज संध्याकाळी छापायला द्यायचं, हे माझं मुख्य काम. जहाज बंदराला लागलं की पत्रक एक पानी, कारण प्रवासी उतरून गाव बघायला जात. पण सी डे आला, म्हणजे दिवसभर किनारा न दिसता नुसतं पाणी कापायचा दिवस, की पत्रक चार पानी होई. सकाळी योगासनं, मग बिंगो, मग नाचाचे धडे, दुपारी चारला चहा-केक, रात्री कोटबूट घालून जेवण. आणि पहिल्या पानावर चौकटीत, 'साडेबारा वाजता, तलावाजवळ, फळांवरचं कोरीव काम.' ते मोहितेकाकांचं.

आमची ओळख माझ्या पहिल्याच सी डेला झाली. मी कर्मचाऱ्यांच्या जेवणघराबाहेर भिंतीला धरून उभी होते, पोटातलं सगळं वर येत होतं, आणि फोनवर घरच्यांना सांगत होते, "मी मस्त आहे गं आई." माझी बोली ऐकून मागून आवाज आला, "इंदूरात कुठली?" मी कसंबसं म्हटलं, "अन्नपूर्णा." "मी मल्हारगंजचा. मग उलटी नाही करायची बेटा, शहराची इज्जत जाते." त्यांनी एक हिरवं सफरचंद आणि कोरडा टोस्ट माझ्या हातात ठेवला आणि समोर उभं राहून दोन्ही संपवायला लावलं. पोट खरंच थांबलं. त्या दिवसापासून मी त्यांची जहाजावरची मुलगी झाले.

पन्नाशीचा, बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस. छातीवरच्या पाटीवर दत्तात्रय हे नाव मावत नव्हतं म्हणून 'डॅटू' लिहिलेलं. पूर्वज इंदूर संस्थानच्या घोडदळात होते, याचा त्यांना भारी अभिमान. "खापरपणजोबांनी तलवार चालवली, मी टरबुजावर सुरी चालवून राहिलो. धंदा एकच आहे, दुश्मन बदलला," असं ते स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत, मग तो फिलिपिनो असो की युक्रेनचा. मल्हारगंजात ते लग्नाच्या पंगतींचे सॅलड सजवायचे. पपईचा मोर, काकडीची पानं, मुळ्याची मोगऱ्याची फुलं. तिथून कुणीतरी त्यांना हॉटेलात नेलं आणि हॉटेलातून ते थेट समुद्रावर आले.

सी डेबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पोर्टवर पॅसेंजर शहर बघतो, समुद्रात तो आपल्याला बघतो." आणि खरंच तसं होतं. सकाळी सहाला टॉवेल टाकून खुर्च्या अडवणारी मंडळी दहा वाजता भांडायला माझ्या डेस्कवर येत. अकराला त्यांना कंटाळा येई. साडेअकराला पुन्हा भूक लागे. खालच्या मजल्यांवर आमची नुसती पळापळ चाले. अशा वेळी काका वर आले की वातावरण निवायचं. एकदा खुर्चीवरून दोन नवरे हातघाईवर आले होते. काकांनी दोघांच्या बायकांना गाजराचा एकेक गुलाब दिला आणि म्हणाले, "मॅडम, शिप बिग, ओशन बिगर, चेअर स्मॉल." भांडण तिथेच संपलं.

त्यांच्या मुलीचं, गौरीचं, लग्न ठरलं तेव्हा काका महिनाभर हवेतच होते. "हजारो लग्नांचे टेबल सजवले मी. पोरीचं टेबल असं सजवीन ना, की व्याही जेवायचे विसरतील." लग्नाच्या तीन आठवडे आधी त्यांचा करार संपत होता. पण त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाचा व्हिसा अडकला, जहाज युरोपातून निघालं आणि अटलांटिक ओलांडायला लागलं. सात दिवस नुसतं पाणी. लग्न त्यातल्या सहाव्या दिवशी. मधेच उतरायला जागा कुठे?

 जहाज निघालं त्याच संध्याकाळी काका डेस्कवर आले. "व्हिडिओवरून तरी मंगलाष्टकं बघीन म्हणतो. मुहूर्त सहा बत्तीसचा, संध्याकाळचा. इंदूरचे सहा बत्तीस म्हणजे इथले किती, हे तू बघ बेटा. किचनात घड्याळ घालू देत नाही, आणि माझा हिशेब टरबुजापुरताच आहे. बरोबर टायमावर मला बाहेर काढशील ना?" मुख्य शेफनं त्यांना वीस मिनिटं सोडायचं कबूल केलं होतं, तेही मी जाऊन विनवण्या केल्या म्हणून. मी म्हटलं, "काका, टेन्शन घेऊ नका. माझ्यावर सोडा."

जहाज पश्चिमेकडे जाऊ लागलं की वाटेत रात्री घड्याळं एकेक तास मागे घ्यावी लागतात. तसा तास मागे गेला की मी माझ्या वहीतली वेळही एक तास अलीकडे आणत असे. मग सलग दोन रात्री घड्याळं हललीच नाहीत. माझ्या वहीत आकडा पक्का झाला: दुपारी बारा वाजून दोन मिनिटं. लग्नाच्या आदल्या रात्री पुन्हा एक तास मागे जाणार होता. ती सूचना पत्रकाच्या पहिल्या पानावर होती, तलावाच्या कार्यक्रमाच्या अगदी खाली. मीच टाईप केली होती, मीच तपासली होती, मीच छापायला दिली होती. आणि वही उघडायची मात्र विसरले. सकाळी भिंतीवरचं घड्याळ आपोआप बदललेलं होतं, मी त्याच्याकडे बघून कामाला लागले.

पावणेबाराला मी काकांना बाहेर काढलं. त्यांनी हात धुतले, टोपी काढली, केस पाण्यानं बसवले. कर्मचाऱ्यांच्या जिन्याजवळ नेटवर्क चांगलं मिळायचं, तिथे फोन धरून उभे राहिलो. दोनदा लागला नाही. काका म्हणाले, "हॉलमध्ये बँड असेल, ऐकू येत नसेल." बरोबर बाराला डोक्यावरच्या स्पीकरमधून कॅप्टनची रोजची घोषणा सुरू झाली. वारा अमुक, समुद्राची खोली तमुक, आणि मग हसऱ्या आवाजात, "काल रात्री मिळालेला जादा तास आपण सगळे छान झोपला असाल."

तो तास मी वहीत धरलाच नव्हता; मुहूर्त अकरा वाजून दोन मिनिटांनीच होऊन गेला होता. तेवढ्यात फोन लागला. काकांचा पुतण्या होता, तोंडात घास. "अरे काका! कुठे होते तुम्ही? कितने फोन लगाए! मंगलाष्टकं होऊन तास झाला, पंगत बसली." त्यानं फोन फिरवला. ताटं दिसली, सनई ऐकू आली, एका कोपऱ्यात लांबून गौरीचा मुंडावळ्या बांधलेला चेहरा दिसला आणि चित्र थिजलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काय झालं ते सांगितलं. वहीसुद्धा दाखवली, का कुणास ठाऊक. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग टोपी घालत म्हणाले, "चल. साडेबाराला शो आहे."

त्या दिवशी त्यांनी हंस कोरला. कलिंगडातून हंसाची मान काढणं सगळ्यात अवघड असतं, जरा हात हलला की तुटते. मी मागे उभी राहून वाट बघत होते की ती तुटावी, त्यांनी सुरी फेकावी, मला शिव्या द्याव्यात. मान तुटली नाही. लोकांनी नेहमीपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या.

पुढे मी समुद्र सोडला आणि इंदूरला एका ऑफिसात लागले. काकाही दोन करारांनंतर घरी परतले. रविवारी सकाळी मी मल्हारगंजात त्यांच्याकडे पोह्यांना जायचे. पहिल्याच वेळी मी काकूंना म्हटलं, "काकू, लग्नाच्या दिवशी मी जे..." काकांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "पोहे थंड होऊन राहिले, पहिले खा." मी समजले की घरात सगळ्यांना ठाऊक आहे, सगळ्यांनी मला माफ केलंय आणि तो विषय कुणाला नको आहे. गौरी देवासला दिली होती. दिवाळीत भेटायची, माझ्याशी गोड बोलायची. वडिलांशी मात्र कामापुरतं. सासरी गेलेल्या मुली अशाच होतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

या वर्षी काका गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा काकू आत पडून होत्या, बाहेर गौरी एकटी बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "बाबा सगळ्यांचे लाडके होते ताई. पण माझं लग्नच विसरले ना ते."

"विसरले?"

"स्वतःच म्हणाले. कामाच्या नादात टाइम ध्यानातच नाही राहिला बेटा, माफ कर. त्यानंतर एक वर्ष त्यांचा फोन मी उचललाच नाही. नंतर बोलायला लागले, पण आतून कधी जमलंच नाही."

 मी सगळं सांगितलं. वही, पत्रक, कॅप्टनची घोषणा, सगळं.  मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि तिनं काढायलाच हवं होतं.

"त्यांनी मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली. मग तिनंच उत्तर दिलं. "सांगितलं असतं तर मी तुला आमच्या दारात पाय ठेवू दिला नसता. मग रविवारी त्यांच्यासोबत पोहे खायला कोण येणार होतं?"

मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी ज्या माफीचे पोहे खात होते, ती एकट्या काकांनी दिली होती, आणि तिची किंमत त्यांच्या मुलीनं न उचललेल्या फोनांनी चुकती होत होती.

मग गौरीनं विचारलं, "शो झाल्यावर काय केलं त्यांनी?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. शो झाल्यावर ते मला मागच्या डेकवर घेऊन गेले. "ह्या वेळेचा तरी हिशेब नीट कर. आत्ता इंदूरात किती वाजले?" मी तीनदा मोजलं. नऊ. "म्हणजे पाठवणी चालू असेल." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. हळद लावलेले तांदूळ होते, सकाळी स्वयंपाकघरातून मागून घेतलेले. समुद्रात कणही टाकायचा नाही, असा जहाजाचा नियम. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्या सगळ्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. "सुखानं राहा पोरी," म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. मग गुडघ्यांवर बसून आम्ही दोघांनी एकेक दाणा वेचला.

गौरी उठून माझ्यापाशी आली, माझ्या केसांवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून उभी राहिली.