देवाला मागचं दार ठाऊक नाही

क्वा बाँगयो हिच्या बापाला मुलगा हवा होता. झाली मुलगी, तीही मुलींच्या रांगेत शेवटी. बापाने पाळण्यात एकदा डोकावून पाहिलं, 'बाँगयो' असं नाव ठेवलं आणि तो मासे धरायला निघून गेला. बाँगयो म्हणजे 'आता आलीच आहे तर वाढवू'. पुढे वाढवायचं काम मात्र सगळं बाँगयोनेच केलं. स्वतःला वाढवलं, बापाचं औषधपाणी केलं आणि तिच्या पाठीवर अखेर जन्मलेल्या भावाला शिकवून इंजिनियर केलं. भावाच्या लग्नात तिची ओळख "ही आमची ताई, शिवणकाम करते" अशी करून देण्यात आली. नवरीकडच्या बायकांनी तिला गाठून पडद्यांच्या शिलाईचे भाव विचारले. बाँगयोला बटणसुद्धा लावता येत नव्हतं. तिने दडपून भाव सांगितले. महाग वाटले म्हणून बायका उठून गेल्या, तेव्हा कुठे तिला जेवता आलं.

तरुणपणी तिच्याकडे धंद्याचा सरकारी परवाना होता. फोटो, शिक्का, डॉक्टरची तपासणी, सगळं रीतसर. मग एके दिवशी शहराला नीतिमत्तेची उबळ आली आणि परवाने रद्द झाले. सोमवारी कायदेशीर असलेली बाई मंगळवारी गुन्हेगार झाली. बुधवारी गिऱ्हाईक मात्र तेच आलं. पुढे कायदा म्हणे आणखी उदार झाला. धंदा करा, हरकत नाही, फक्त त्यासाठी नेमून दिलेल्या भागात करा. असा भाग अख्ख्या तैवानात एकाही शहराने नेमून दिला नाही. जेवणाचं आमंत्रण द्यावं आणि पत्ताच सांगू नये, तसला हा उदारपणा.

तर बाँगयो कीलुंग बंदरामागच्या झुईबे वस्तीत आली आणि एका चहाघरात स्थिरावली. आता ती साठीची आहे, राहते तिथेच. चहा ओतते, शेंगा सोलून देते, म्हाताऱ्यांबरोबर जुनी गाणी बेसूर गाते, त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकून घेते. बाकीचंही होतं अधूनमधून. ती ते लपवत नाही. लपवायचं काम वस्तीने स्वतःकडे घेतलं आहे आणि त्यात वस्तीचा हात धरणारं कोणी नाही.

त्या कामाचे मुख्य कारभारी म्हणजे वस्तीप्रमुख खो ह्वेओंग. पोट पुढे, टक्कल चकचकीत, आवाज लाउडस्पीकरसारखा. बाँगयोच्या गल्लीच्या तोंडावर त्यांनी लाल कापडी फलक लावला होता : 'स्वच्छ वस्ती, सुखी कुटुंब'. गल्लीतली चहाघरं बंद व्हावीत म्हणून प्रत्येक सभेत ते डोळ्यांत पाणी आणून बोलत. आणि दर गुरुवारी दुपारी बर्फाच्या गोदामाच्या बोळातून, मागच्या दाराने, चहाघरात येत.

"पाहणीला आलोय," असं ते म्हणत.

"या. गेल्या गुरुवारपेक्षा घाण वाढलीय का बघा," बाँगयो म्हणे.

वस्तीच्या शीलाचा खरा थाट पाहावा तो भूमिदेवाच्या वाढदिवसाला. देवळासमोर दिव्यांनी लखलखणारी गाडी येते. गाडीवर खांब, खांबाला लटकलेल्या पोरी, पोरींच्या अंगावर चांदीच्या रंगाचं काहीतरी, तेही जेमतेम. समोर आज्या, सुना, नातवंडं तेलात परतलेला भात खात बसलेली. "देवाला आवडतं. परंपरा आहे," खो साहेब सांगतात आणि देवाला नीट दिसतंय ना याची खात्री करायला स्वतः पहिल्या रांगेत बसतात. बाँगयो कडेला उभी असते, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून. ती दिसली की आया घाईने पोरांची डोकी दुसरीकडे वळवतात. दुसरीकडे म्हणजे खांबाकडे.

त्याच दिवशी देव आपला यजमान निवडतो. वर्गणी दिलेल्या प्रत्येक घराचं नाव देवापुढे पुकारायचं आणि चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसला. ज्याला सगळ्यांत जास्त लागोपाठ होकार, त्याच्या घरी देव वर्षभर राहायला जातो. बाँगयो दर वर्षी वर्गणी देई. तिचं नाव मात्र कधी पुकारलं गेलं नाही. यजमान व्हावं असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. बापाने चिडून ठेवलेलं ते नाव कोणीतरी एकदा देवापुढे धडपणे घ्यावं, एवढीच तिची हाव.

यंदा वाढदिवसाच्या आधीच्या गुरुवारी तिने वर्गणीचं पाकीट पुढे केलं.

"यंदा नाव घाला, प्रमुखसाहेब."

"अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? देवाला सगळं कळतं."

"मग देवळाच्या खांबावर तुमचं नाव सोनेरी अक्षरांत कशाला?"

"ती समितीची इच्छा होती."

"समितीत कोण कोण आहे?"

"तसा मीच," खो साहेब म्हणाले. "बघतो. शेंगदाण्याच्या वड्या आण."

वड्या खाऊन त्यांनी पाकिटावर लिहिलं : 'एक भक्त'. दर वर्षी तेच लिहीत. देवळाचा जुना पुजारी ते पाकीट मुकाट्याने वगळत असे. पण तो म्हातारा लेकाकडे राहायला गेला होता आणि त्याच्या जागी बुनकाका आले होते. बुनकाका सरळ माणूस. काय वगळायचं हे त्यांना सांगायचं राहून गेलं. सज्जनांच्या कटात एक खराखुरा सज्जन शिरला की असा घोटाळा होतो.

"खो ह्वेओंग!" देवाच्या वाढदिवशी बुनकाकांनी पुकारलं. दोन्ही तुकडे उताणे. देव हसला. लोकही हसले.

बाकीच्यांना एखाददुसरा होकार मिळाला. शेवटी बुनकाका म्हणाले, "एक भक्त!" आणि होकार पडला. पुन्हा होकार. पुन्हा. गर्दी मोठ्याने मोजू लागली. होकार थांबेनात.

खो साहेबांना माइक दिसला की त्यांचं डोकं बंद पडतं. ते धावले. "पाहा! देवाने नम्रतेला कौल दिला! जो नाव मागत नाही तोच खरा भक्त! देवाचा शब्द अंतिम, कोणी शंका काढायची नाही! या भक्ताला आपण..."

इथे त्यांना पाकीट आठवलं. लाउडस्पीकर पहिल्यांदाच आपोआप बंद झाला.

"अहो, पण आहे कोण तो?" त्यांची बायको ग्योकशान हिने विचारलं.

"तो... म्हणजे... गुप्तदान होतं ते. मीच."

"देवाला विचारून घेतो," बुनकाका भाबडेपणाने म्हणाले आणि तुकडे टाकले. देव हसला.

गर्दीच्या कडेने बाँगयो पुढे आली. "पाकीट माझं आहे, काका."

बुनकाकांनी तुकडे टाकले. होकार.

मग जो गलका झाला त्यात वस्तीचं सगळं शील एकदम बोलायला लागलं. विटाळ होईल. वस्तीचं नाव जाईल. लहान मुलं काय शिकतील? मासळीवाला तर ओरडून म्हणाला, "ते घर कुठे आहे हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही!" यावर सगळ्या पुरुषांनी इतक्या जोरात माना हलवल्या की काहींचे चष्मे घसरले.

"लाज नाही वाटत तुला?" ग्योकशान बाँगयोला म्हणाली.

"वाटते हो, वहिनी. एकेकाला बघून रोज वाटते."

खो साहेबांनी तोड काढली : यजमानपद तिचं, पण तिच्या वतीने देव राहील त्यांच्या घरी. बुनकाकांनी विचारलं. दोन्ही तुकडे पालथे. चक्क नकार. आणि देवाचा शब्द अंतिम, हे माइकवरून सगळ्या वस्तीने ऐकलं होतं.

बाँगयो झाडलोट करायला पुढे पळाली. मागून मिरवणूक निघाली. मूर्ती उचलायचा मान प्रमुखाचा, म्हणून देव खो साहेबांच्या कडेवर. "कुठली म्हणायची ही गल्ली?" ते मोठ्याने विचारत होते. "डावीकडे की काय?" मासळीवाला म्हणे, "कोणास ठाऊक बुवा!" आणि डावीकडे वळे.

आता त्या गल्लीत शिरताच गटारावरची एक फरशी नाही. कीलुंगच्या पावसाने खड्डा सदा तुडुंब, त्यामुळे जमीन सपाट वाटते. नवखा माणूस हमखास आत. बाँगयो दारात उदबत्त्या घेऊन उभी होती, तिने सगळं पाहिलं. खो साहेबांनी, खाली न पाहता, डावा पाय उचलून लांब टाकला. मासळीवाल्याने टाकला. न्हाव्याने टाकला. निवृत्त मुख्याध्यापकांनी तर छत्री मिटता मिटता टाकला. कवायतीत पाय पडावेत तसे वस्तीतले झाडून सगळे कर्ते पुरुष तो खड्डा ओलांडून गेले. त्यांच्या मागून ग्योकशान आली आणि गुडघ्यापर्यंत आत गेली. तिच्या मागची न्हावीण गेली. मुख्याध्यापकीणबाई गेल्या. सनई थांबली. बायकांनी आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग पुढे उभ्या असलेल्या कोरड्या बुटांच्या रांगेकडे पाहिलं.

खो साहेबांना मागचं काही कळलं नव्हतं. मान खाली घालून, देवाला छातीशी धरून, ते सवयीने बर्फाच्या गोदामाच्या बोळात वळले.

"प्रमुखसाहेब!" बाँगयोने हाक मारली. "देवाला मागचं दार ठाऊक नाही. इकडून या."

ते आले. आता उंबऱ्यावर यजमानाचं नाव देवाला सांगायचं असतं. नाहीतर वर्षभर कोणाकडे राहायचं ते त्याला कसं कळणार?

"देवा," खो साहेब पुटपुटले, "हे... एका भक्ताचं घर."

बाँगयोने हात पुढे केले नाहीत. "कोणाचं?"

"अगं, घे ना. पाऊस लागतोय देवाला."

"कोणाचं घर, प्रमुखसाहेब?"

गर्दीतून ग्योकशान पुढे आली, एक बूट पायात आणि एक हातात. "सांगा की! खड्डा पाठ आहे, नाव पाठ नाही होय?"

खो साहेबांच्या टकलावरून पाणी ओघळत होतं, त्यातलं पावसाचं किती ते सांगता येणार नाही. "क्वा... बाँगयो," ते म्हणाले.

"जरा मोठ्याने," बुनकाका म्हणाले. "देव म्हातारा आहे."

"क्वा बाँगयो!" खो साहेब ओरडले. "हे क्वा बाँगयोचं घर!"

समोरच्या चहाघरांतल्या बायका खिडक्यांत आल्या. बाँगयोने मूर्ती घेतली. तान्हं पोर घ्यावं तशी, मानेखाली हात देऊन. ती रडली वगैरे नाही. तोंड मात्र देवाच्या टोपीमागे बराच वेळ लपवून उभी राहिली.

पुरुष पांगले. बोलता बोलता गल्ली रिकामी झाली, आणि परत जातानासुद्धा खड्ड्यात एकही पडला नाही. ग्योकशान मात्र गेली नाही. आत येऊन ती स्टुलावर बसली आणि जमिनीवर बूट आपटून त्यातलं पाणी काढू लागली.

"काय खातात हे इथे?" तिने मान वर न करता विचारलं.

बाँगयोने जरा विचार केला. "शेंगदाण्याच्या वड्या. बशीभर."

"मधुमेह आहे त्यांना. घरी माझ्यादेखत साखरेला हात लावत नाहीत." ग्योकशानने दुसरा बूट काढला. "मेल्याचं काहीच खरं नाही. आण, बघू कशा आहेत."

बाँगयोने बशी आणली. एक वडी ग्योकशानच्या हातावर ठेवली आणि बाकीची बशी देवापुढे सरकवली.

"गुरुवारच्या वड्या आता या म्हाताऱ्याला," ती म्हणाली.