भोंगा सरांचे छोटे पाठ

शिक्षक घडवणाऱ्या त्या विद्यालयात सरांना सगळे भोंगा सर म्हणायचे. सरांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ते बोलायला लागले की खाली फाटकापाशी बसलेला रखवालदारसुद्धा नवीन काहीतरी शिकून घरी जायचा, अशी थट्टा चालायची.

त्या खोलीत छोटे पाठ होत. शिकाऊ शिक्षकाला एकदम भरल्या वर्गात ढकलायचं नाही. आधी पाच-सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, आणि त्यात कौशल्य एकच. आज नुसते प्रश्न विचारायचे, उद्या नुसतं फळ्यावर लिहायचं. विद्यार्थी म्हणून समोर आपलेच सोबती बसायचे. पाठ संपला की मागे बसलेले सर चुका सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पुन्हा घे." चुका सांगताना ते नक्कलही करायचे. कुणी पदराशी चाळा करायचं, कुणी छताकडे बघून शिकवायचं. सर हुबेहूब तसं करून दाखवत आणि खोली हसून लोटपोट व्हायची. ज्याची नक्कल व्हायची तोही हसायचा, निदान तसं दाखवायचा.

मग आवाज बसला. खडूची धूळ, सर म्हणाले. मिठाच्या गुळण्या झाल्या, काढे झाले. आवाज काही उठेना. बायको मागे लागली तेव्हा त्यांनी तिलाच झापलं, "घसा माझा आहे, तुझा नाही!" अखेर घास गिळताना दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होता, पण आडपडदा न ठेवता बोलला. कर्करोग आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही.

उत्तर बायकोनं दिलं. "काढा."

ऑपरेशननंतर गळ्याच्या खाली एक भोक राहिलं. श्वास तिथूनच आत-बाहेर व्हायचा. त्यावर बायको पातळ सुती कापड बांधायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ते घेऊन सर एकदा वर्गात गेले. "बसा" म्हणाले. डब्यात अडकलेल्या माशीनं म्हणावं तसं ते "बसा" निघालं. मागच्या बाकावर कुणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. सरांनी यंत्र खिशात घातलं ते परत काढलं नाही. प्राचार्यबाईंनी त्यांना ग्रंथालयात बसवलं. पुस्तकांना लेबलं चिकटवायची. बोलायची गरज नाही.

घरी त्यांचा सगळा राग भांड्यांवर निघायचा. बायकोला बोलवायचं तर ताटावर चमचा आपटायचे. पाणी हवं, आपट. खिडकी लावायची, आपट. काही दिवस ती धावत आली. एक दिवस स्वयंपाकघरातून शांतपणे बाहेर येऊन तिनं त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला.

"मी काही मोलकरीण नाही खडखडाट ऐकून धावायला. आवाज गेलाय, पाय गेलेले नाहीत. माझ्याजवळ या आणि खांद्याला हात लावा."

रात्रीचं जेवण झाल्यावर पाणी हवं होतं तेव्हा सर उठले, ओट्यापाशी गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर तिनं बहिणीला सांगितलं, "इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला हाका मारल्या, पण असं कधी बोलावलं नव्हतं." सांगताना तिचे डोळे भरले होते. त्यात आनंद फार थोडा होता.

पुढल्या वर्षी छोटे पाठ घेणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. दुसरं कुणी मिळेना. प्राचार्यबाई ग्रंथालयात आल्या, लेबलांकडे बघत म्हणाल्या, "सर, नुसते मागे बसाल का? चुका पाटीवर लिहा." सर गेले.

त्या तुकडीत एक मुलगी होती, तिला सगळे धबधबा म्हणायचे. हुशार, पण तोंडाला लगाम नाही. त्या दिवशी कौशल्य होतं प्रश्न विचारणं. तिनं टेबलावर गार पाण्याचा पेला ठेवला आणि सुरू झाली, "पेल्याच्या बाहेरून पाणी का जमलं? आतून झिरपलं का? नाही! मग कुठून आलं? हवेतून आलं, बरोबर? हवेत काय असतं? बाष्प असतं!" प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच. समोरचे सोबती माना डोलवत होते.

सर उठले. पुढे जाऊन त्यांनी तिच्या तोंडासमोर तळहात धरला. थांब. मग पाटीवर लिहिलं, "एक प्रश्न. मग गप्प."

तिनं प्रश्न विचारला. सरांचा हात तसाच. शांतता पसरली, ती लांबली, नकोशी झाली. मुलीचा चेहरा लाल झाला, ओठ हलू लागले. सरांनी हात काढला नाही. शेवटी कोपऱ्यातून एक दबका आवाज आला, "बाई, पेल्याला घाम आला का?" उत्तर चूक होतं, पण कुणीतरी विचार केला होता.

पाठ संपल्यावर ती जिन्यात रडत उभी होती. सर समोर आले तशी फणकारली, "सगळ्यांसमोर मला गप्प केलंत तुम्ही."

सरांनी लिहिलं, "मलाही केलंय."

"म्हणून आम्हालाही करणार का?"

त्या दिवशी सर घरी जेवले नाहीत. बायकोनं विचारलं तर पाटी पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी पाठाआधी त्यांनी तिला पाटी दाखवली. "हात धरायला नको होता. चुकलो. पुन्हा घेशील?" तिनं घेतला. या वेळी सर मागेच बसले आणि तळहात टेबलावर टेकवून ठेवला. तो उचलला की तिनं बोलायचं, असं दोघांत ठरलं. पहिल्या दिवशी ती तीनदा घसरली. हळूहळू तिला कळायला लागलं की मुलं गप्प असतात तेव्हा रिकामी नसतात. मग तिचं सरांच्या टेबलाकडे बघणं कमी झालं.

सरांनी आता कुणाची नक्कल केली नाही. करता आलीच असती, त्याला आवाज लागत नाही.

वार्षिक पाठांच्या सुमारास मानेत गाठ आली. डॉक्टरनं या वेळी जीव राहील असं म्हटलं नाही. सरांनी विद्यालयात कुणाला कळू दिलं नाही. गळ्याभोवतीचं कापड रुंद झालं एवढंच. शेवटच्या मुलाचा शेवटचा पाठ बघून ते घरी गेले आणि अंथरुणाला खिळले.

धबधब्याला तोवर शाळा मिळाली होती. ती दवाखान्यात आली तेव्हा सरांना पाटी धरवत नव्हती. उशाशी बसलेल्या बायकोशेजारी ती खुर्ची ओढून बसली.

"सर, पहिला तास घेतला. खरी पोरं. एकानं दुसऱ्याला चावा घेतला. मी प्रश्न विचारला आणि घाबरून उत्तरंही मीच देत सुटले. सगळी."

सरांचे खांदे गदगदले. हसण्याला आवाज नव्हता, गळ्याच्या भोकातून फक्त हवा फसफसली. मग खोकला उसळला आणि नर्सनं दोघींना बाहेर काढलं. बाहेर बायको म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी हसले." मुलगी म्हणाली, "मला वाटलं, रागावले."

त्याच आठवड्यात एका दुपारी सर गेले. धबधब्याला नव्या नोकरीत रजा मिळाली नाही. ती वर्गावर होती.

त्या जागेवर नवीन सर आले. चांगले आहेत म्हणतात. सरांची बायको घर आवरून बहिणीकडे राहायला गेली. मुलगी सुट्टीत एकदा भेटून आली. दोघींनी चहा घेतला. सांगण्यासारखं खूप होतं, पण सुरुवात कुणाला जमेना. ती निघाली तेव्हा सरांच्या बायकोनं विचारलं, "आता मुलं उत्तरं देतात का गं?"

"काही देतात," ती म्हणाली. "काही अजून घाबरतात."