टेबलावरचे मामा

आमचे मामा छापखान्यात बाईंडर होते आणि घरात वजन होते. हे दुसरं काम त्यांना जास्त आवडायचं.

त्याचं असं झालं. मामीने हार्डवेअरच्या दुकानातून हाताने फिरवायची एक लोखंडी चक्की आणली. दांड्याची लाकडी मूठ तडकलेली, म्हणून स्वस्तात मिळाली. मामांनी मुठीला सरस लावून बायंडिंगचं निळं कापड गुंडाळलं आणि चक्की स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळली. मामीने वरच्या नरसाळ्यात ओंजळभर गहू टाकून दांडा फिरवला मात्र, टेबलच चालायला लागलं. "अहो, धरा, धरा!" मामी ओरडली. मामांनी धरलंबिरलं नाही, ते सरळ टेबलावर जाऊन बसले. देह भरभक्कम. टेबल गपगार झालं.

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मामा टेबलावर आणि मामी दांड्याशी. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला होते, त्यामुळे पीठ चाळायचं काम माझ्याकडे आलं. मी इतकी वाळकी होते की मामा मला 'काडी' म्हणायचे. "बाहेरून का नाही दळून आणत?" असं कुणी विचारलं की मामी फणकारायची, "लोकांच्या पिठात आपलं पीठ मिसळायची हौस नाही मला." खरं कारण मला दिसत होतं. मामा बसल्या बसल्या छापखान्यातले वाया गेलेले कागद वाचून दाखवायचे. कादंबरीचं एखादंच पान, त्याला ना मागचं ना पुढचं. नायिका रागारागाने जिना उतरतेय, आणि पान संपलं.

"मग? पुढं काय झालं?" मामी दांडा थांबवून विचारायची.

"पुढं काय, खाली आली आणि दळायला लागली. नवरा टेबलावर वाट बघत होता ना!"

मामी हसायची, आणि ताज्या पिठाचा तो कोमट वास घरभर पसरायचा. आजही कुठे तो वास आला की मला आधी मामांचे लोंबकळणारे पाय आठवतात.

मग मामांना पोटाचं दुखणं लागलं. हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या, कॉलरमध्ये मान हरवली. पण सकाळी स्वारी टेबलावर हजर. टेबल आता त्यांच्यासकट थरथरायचं. मामीने गुपचूप चक्कीचा पुढचा स्क्रू ढिला केला. आतल्या दळणाऱ्या तबकड्यांमधलं अंतर वाढलं की पीठ जाड पडतं, पण दांडा हलका फिरतो आणि टेबल कमी उडतं. मामांचं वजन उतरत गेलं तसं आमच्या घरातलं पीठ जाड होत गेलं.

"चक्की म्हातारी झाली गं," चाळणीकडे बघून मामा म्हणायचे.

"हो ना. दात झिजलेत मेलीचे," मामी म्हणायची.

मला दोघांकडेही बघवायचं नाही.

पुढे मामांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ते घरी यायच्या आदल्या दिवशी मामीने सुताराला बोलावून टेबलाचे पाय लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला पक्के ठोकून घेतले. तिचा हिशेब सरळ होता. आता मामा कितीही हलके झाले तरी टेबल हलणार नाही आणि त्यांना काही कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या खांद्याचा आधार घेऊन टेबलावर चढले. मामीने दांडा फिरवला. टेबल ढिम्म. मामांनी कागद उघडलाच नाही. वाकून पट्ट्या पाहिल्या आणि हळूच खाली उतरले.

"चांगलं मजबूत केलंस," ते म्हणाले. "आता माझं काय काम?"

आत जाऊन ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारी जेवले नाहीत.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. संध्याकाळी मामी स्वतः पक्कड घेऊन जमिनीवर बसली. एक खिळा काही केल्या निघेना, तेव्हा तिने आधी खिळ्याला, मग सुताराला आणि शेवटी स्वतःच्या अकलेला यथेच्छ शिव्या घातल्या. मामांना आत सगळं ऐकू जात होतं.

सकाळी तिने चक्कीचा पुढचा स्क्रू पहिल्यासारखा घट्ट आवळला आणि हाक मारली, "अहो, टेबल पळतंय! येताय ना?"

मामा आले, बसले. टेबल त्यांना घेऊन उड्या मारायला लागलं. दोन्ही हातांनी कड धरून मामा हसत होते, किती दिवसांनी!

"अगं हळू, पाडशील मला!"

"मग नीट बसा ना. मी दांडा फिरवू की तुम्हाला सांभाळू?"

ओंजळभरच दळलं त्या दिवशी, पण पीठ बारीक पडलं. मामा त्यानंतर फार राहिले नाहीत. राहिले तोवर रोज बसले.

ते गेल्यावर चक्कीवर फडकं पडलं आणि घरात दुकानातलं पीठ यायला लागलं. शेजाऱ्यांनी सुचवलं, "वहिनी, टेबलावर चार विटा ठेवा की." मामीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते चहा अर्धा टाकून उठले.

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर फडकं बाजूला होतं. नरसाळ्यात गहू होते. मामी निळी मूठ धरून उभी होती.

"बस गं वर," ती म्हणाली.

मी बसले. तिने दांडा फिरवला आणि टेबलाने मला घेऊन उडी मारली. मामी थांबली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिचे डोळे भरून आले होते.

"खात जा गं जरा," ती म्हणाली, आणि दुसरी ओंजळ टाकली.