दोष माझ्या माथी

माझी सून ज्योती पोलिसात हवालदार हाय. असं म्हनलं की केडगावातल्या बाया डोळे मोठ्ठे करून विचारत्यात, "पिस्तूल हाय का वो तिच्याकडं?" न्हाई बाई, पिस्तूल न्हाई. एक स्कूटी हाय, एक फाटकी डायरी हाय आन् जीभ हाय, माझ्यापेक्षा लांब. तिचं काम पैरवीचं. म्हंजे खटला उभा राह्यला की साक्षीदारांना समन्स पोचवायचं आन् तारखेला त्यांना कोर्टात हजर करायचं. मला आधी लाज वाटायची. माझा ज्ञानेश्वर सुप्याच्या कंपनीत सुपरवायझर, आन् त्याची बायको लोकांना हाताला धरून कोर्टात नेती! एकदा बोलून दाखवलं, तर म्हनाली, "आत्या, गुंडाला पकडनारे लई हायेत. तो आतच राह्यला पायजे, त्यासाठी बी कुनीतरी लागतं." मी कपाळावर हात मारला.

त्याचा अर्थ कळला सुप्याच्या खटल्यात. त्या रस्त्याला एक टोळी हुती. म्होरक्याचं नाव मी घेनार न्हाई, माझं तोंड विटाळंल. कंपन्यांत माल घेऊन येनाऱ्या टेम्पोवाल्यांकडनं हप्ता घ्यायचे. दिला न्हाई की काच फोड, हात मोड. पोलिसांनी दोनदा धरलं, दोनदा सुटले. का? तर कोर्टात उभा राह्यला की साक्षीदार फितूर! "मला काय आठवत न्हाई सायेब." मेल्यांनो, दुपारी काय जेवलात ते बरं आठवतं!

तिसऱ्या येळी त्यांनी एका टेम्पोवाल्याला भर बाजारात मारलं. बिचारा पायानं अधू झाला. तवा जिल्ह्याला नवे पोलीस साहेब आले हुते. त्यांनी टोळीला मोक्का लावला आन् साक्षीदार सांभाळायचं काम ज्योतीकडं दिलं. तोवर चार साक्षीदारांतले तिघं फिरलेलेच हुते. राह्यली एकटी राहीबाई. बाजारातच रस्त्याच्या कडंला तिचं भजी-वडापावचं हाटेल. मारहान तिच्या दारातच झाली, समद्यांची तोंडं तिनं पाह्यलेली. ती फिरली की टोळी मोकळी.

मग ज्योती दर आठवड्याला साधी साडी नेसून तिच्याकडं जायला लागली. समन्स न्हाई, कागद न्हाई. कांदा चिरायची, गप्पा हानायची. हाटेलापुढं साहेबांकडनं शिपाई बसवून घेतला. कोर्टाच्या व्हरांड्यात गुंडांची मानसं साक्षीदाराला खेटून बसायची आन् डोळे वटारायची, म्हनून अर्जावर अर्ज करून साक्षीदारांसाठी येगळी खोली मिळवली. ठाण्यातले हसायचे तिला. म्हनायचे, "ज्योतीताई, सोयरीक जमवताय का?" ही म्हनायची, "व्हय, जमवतीय. येता का वऱ्हाडी म्हनून?"

आन् तारीख आठ दिवसांवर आली तवा राहीबाईनं तोंड फिरवलं. ज्योतीनं लई इचारल्यावर रडायला लागली. तिच्या चुलत दिरानं, आप्पासाहेबानं, टोळीच्या सांगन्यावरनं भावकी गोळा केली, तिला गावच्या खंडोबाच्या देवळात नेलं आन् तिच्या हातानं बेलभंडारा उचलून घेतला. वदवलं काय, तर "मी काय बी पाह्यलं न्हाई." देवाची आन घेतली, आता खरं बोललं तर वाटोळं व्हईल, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

त्या दिवशी ज्योतीनं ताटाला हात लावला न्हाई. ज्ञानेश्वर म्हनाला, "अगं, असल्या शपथेला कोर्टात काडीची किंमत न्हाई."

"कोर्टात न्हाई," ती म्हनाली, "पर राहीबाईच्या जिवाला हाय ना."

मी म्हनले, "बेलभंडारा उचलला ना? मग संपला इषय." आमचं बी कुळदैवत खंडोबाच. मला त्यातलं कळतं.

सकाळी पाह्यते तर काय, ही देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी पर्समधी टाकतीय. "कुठं निघाली गं?" तर म्हनाली, "राहीबाईच्या गावच्या देवळात. शपथ मोडल्याचा दोष माझ्यावर घेते."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. घरात एकुलती एक नात निकिता, आन् ही बया देवाचा दोष घरात आनतीय! "मुडदा बशिवला तुझ्या नोकरीचा!" मी वरडले. "देवाशी खेळ करती व्हय?"

"खेळ त्यांनी केलाय, आत्या."

तिला आडवायचंच म्हनून मी स्कूटीवर मागं बसले. रस्ताभर बोलत हुते. तिनं स्कूटी सरळ देवळापुढंच थांबवली.

ज्योतीनं बोलावलेलं म्हनून राहीबाई देवळात खांबाला टेकून बसली हुती. सुकून पार कोळ झालेली. ज्योती तिला म्हनाली, "बाई, कोर्टात काय सांगायचं ते मी सांगनार न्हाई. तुमी जे पाह्यलं ते तुमचं. पर भीती घालून घेतलेल्या शपथेचा दोष तुमच्यावर ऱ्हानार न्हाई, तो मी घेते." तिनं डबी उघडली. राहीबाईनं माझ्याकडं पाह्यलं. "आक्का, तुमच्या घरावर यील हो," म्हनाली.

आन् माझं डोकंच फिरलं. ज्योतीवर न्हाई, त्या टोळीवर. माझ्या देवाला ह्यांनी आपला नोकर केला? मानसांना धमकावून पोट भरलं न्हाई, म्हनून देवाच्या नावानं धमकावायला लागले? मी ज्योतीच्या हातातली डबी वढली. "सर बाजूला. घरातली थोरली मी हाय. दोष घ्यायचा तर थोरलीनं घ्यायचा." बेलावर भंडारा घेतला, उचलला आन् देवाला स्पष्ट सांगितलं, "जे काय असंल ते माझ्या माथी. लेकरांकडं बघू नगंस." भ्या मला बी वाटत हुतं, खोटं कशाला बोलू?

तारखेला मी कोर्टात मागच्या बाकावर बसले. राहीबाईनं समदं सांगितलं. कोन, कुठं, कशानं मारलं. मग आरोपीचा वकील उठला, मिशीत हसत. "बाई, तुम्ही देवळात बेलभंडारा उचलून सांगितलं होतं ना, काहीच पाहिलं नाही म्हणून?"

राहीबाई म्हनाली, "वकीलसायेब, देवळाच्या आत तर आमची भावकीच हुती. तुमाला कुनी सांगितलं?"

वकिलाचं हसू जागच्या जागी गेलं. भावकीतली गोष्ट त्याला टोळीबिगर कोन सांगनार? जज्जसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली आन् इचारलं, शपथ कुणी घ्यायला लावली? राहीबाईनं सांगून टाकलं. आप्पासाहेबानं घ्यायला लावली, आन् म्होरक्याचा भाऊ देवळाच्या दारात उभा हुता. पिंजऱ्यातल्या म्होरक्याचं तोंड बघन्यासारखं झालं.

वकील चिडला. "देवाची शपथ मोडलीत. भीती नाही वाटत?"

"वाटायची," राहीबाई म्हनाली. "पर तो दोष त्या मागं बसल्यात ना, त्या आक्काबाईंनी घेतलाय."

समदं कोर्ट वळून माझ्याकडं बघाय लागलं. मी उभी राह्यले. शिपाई "बसा, बसा" म्हनत हुता, पर मी लगेच बसले न्हाई. दाराशी ज्योती वर्दीत उभी हुती आन् तिचे डोळे भरून आले हुते. तिला रडताना मी पयल्यांदा पाह्यलं.

निकालात टोळीतल्या समद्यांना शिक्षा लागली. साहेबांनी जिल्ह्यातल्या बाकीच्या ठाण्यांना सांगितलं, साक्षीदार असा सांभाळायचा, आन् शिकवायला ज्योतीलाच धाडलं. परवा ती जामखेडला गेल्ती. हसनारेच आता वही घिऊन पुढं बसत्यात.

भावकीतल्या बाया अजून इचारत्यात, "आक्का, लागला का दोष?" मी सांगते, लागायचा तवा लागंल. पर माझ्या खंडोबाला गुंडाच्या दावनीतनं सोडवून आनलंय आमी दोघींनी, सासू-सुनेनं. त्याला बी ते ठावं असंल की!